ओल्या कचऱ्यातून गॅस, खत आणि प्लास्टिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या बैठकीत, बचत गटात, ग्रामसभेत कचऱ्याचा विषय निघाला की पुढचे प्रश्न हमखास येतात. उत्तरे जमतील तितकी सविस्तर दिली आहेत. जिथे आमचे स्पष्ट मत आहे तिथे ते मांडले आहे.

एकाच कचऱ्यातून गॅसही निघतो, खतही होते आणि प्लास्टिकही बनते, हे कसे?

भाजीची देठे, शिळा भात, शेण, उसाची मळी हे सगळे पिष्ट, साखर, प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि काष्ठतंतू यांचे बनलेले असते. त्याचे पुढे काय होणार हे दोन गोष्टींवर ठरते: हवा मिळते की नाही, आणि ते कोणत्या जिवाणूंच्या हाती लागते.

हवा खेळती असेल तर जिवाणू आणि बुरशी कचरा खातात. त्यातला बराचसा कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो, ढीग गरम होतो आणि मागे काळसर, मातीच्या वासाचे खत उरते. हवा पूर्ण बंद केली तर दुसऱ्याच जिवाणूंचे राज्य सुरू होते. ते आधी मोठे रेणू फोडून साखर आणि अमिनो आम्ले तयार करतात, मग त्यांची व्हिनेगरसारखी सेंद्रिय आम्ले करतात, आणि शेवटच्या टप्प्यावर मिथेन बनवणारे जिवाणू त्या आम्लांचा गॅस करतात. या गॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, शिवाय पाण्याची वाफ आणि सडक्या अंड्याचा वास देणारा थोडा हायड्रोजन सल्फाइड.

ही साखळी मधल्या आम्लांच्या टप्प्यावर थांबवली आणि ती आम्ले विशिष्ट जिवाणूंना खाऊ घातली, तर ते जिवाणू स्वतःच्या पेशीत एक प्रकारचे प्लास्टिक साठवतात. कठीण दिवसांसाठी आपले शरीर चरबी साठवते तसेच हे. त्याला पीएचए म्हणतात. त्यातला एक प्रकार फ्रेंच शास्त्रज्ञ मोरिस लेमोआन्य यांनी १९२६ साली जिवाणूंमध्ये ओळखला होता. दुसरा रस्ता साखरेचा. साखर आंबवून लॅक्टिक आम्ल करायचे (दह्याला आंबटपणा येतो तो याच आम्लामुळे) आणि त्याच्या रेणूंची लांब साखळी जोडायची. ते झाले पीएलए.

ओल्या कचऱ्यात काय काय धरायचे?

स्वयंपाकघरात उरलेले आणि कुजणारे सगळे: साली, देठे, चहाचा चोथा, शिळे अन्न, मासळीची खवले, अंड्याची टरफले, फुले. नारळाची करवंटी, आंब्याची कोय आणि मोठी हाडे कुजतात, पण फार सावकाश, त्यामुळे ती वेगळी ठेवावीत. डायपर आणि सॅनिटरी पॅड ओल्या कचऱ्यात कधीच टाकू नयेत. ते कागदात गुंडाळून, खूण करून स्वतंत्र द्यायचे असतात. ती पिशवी कोणाच्या तरी उघड्या हातांनी उघडली जाते, हे विसरू नका.

डेपोवर पडून तो आपोआप कुजतोच की. मग एवढा खटाटोप कशाला?

कुजतो, पण कसा ते पाहा. डेपोवर कचरा थरावर थर पडत जातो. खालच्या थरांना हवा मिळत नाही. तिथे मिथेन तयार होतो आणि तो पकडायला कोणी नसल्यामुळे थेट आकाशात जातो. शंभर वर्षांच्या हिशोबाने मिथेनचा तापमानवाढीवरचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट असतो आणि वीस वर्षांच्या हिशोबाने सुमारे ८० पट. हाच मिथेन डेपोच्या आगी भडकवतो. देवनारचा डेपो १९२७ पासून वापरात आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर मुंबईकर कित्येक दिवस श्वासात घेत होते. शिवाय ओल्या कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी विहिरींत उतरते. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे ज्यांच्या शिवारात पडला त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. शहराने आपला कचरा दुसऱ्याच्या विहिरीजवळ नेऊन टाकणे हा आमच्या मते उघड अन्याय आहे. पुढच्या सगळ्या उत्तरांमागे ही भूमिका आहे.

घरच्या कचऱ्यावर गॅस सिलिंडर वाचतो का?

थोडा वाचतो. हिशोब मांडून पाहू. एक किलो ओल्या खरकट्यातून साधारण ५० ते १०० लिटर गॅस मिळतो. एक घनमीटर, म्हणजे १००० लिटर गोबरगॅस जाळला की साधारण ०.४ ते ०.४५ किलो एलपीजीइतकी उष्णता मिळते. चार माणसांच्या घरात रोज एक किलोच्या आसपास ओला कचरा निघतो. त्यातून महिन्याला दीड ते तीन घनमीटर गॅस, म्हणजे जेमतेम किलोभर एलपीजीची बचत. १४.२ किलोच्या सिलिंडरपुढे हे फार नाही. तेवढ्यासाठी टाकी बसवा असे आम्ही सांगणार नाही. अशा घराने खत करावे.

रोज दहा-वीस किलो खरकटे निघते तिथे गणित बदलते. खानावळ, वसतिगृह, मंगल कार्यालय, आश्रमशाळा, देवस्थानचे अन्नछत्र अशा जागी खरकटे चांगल्या प्रतीचे, पिष्टमय आणि एकाच ठिकाणी असते, आणि गॅस वापरणारी चूलही तिथेच असते. गावात दोन जनावरे असतील तर त्यांचे शेण आणि घरचे खरकटे मिळून एका कुटुंबाचा स्वयंपाक बहुतांशी भागतो.

शेण नसेल तर गोबरगॅस चालतो का?

चालतो. शेण लागते ते सुरुवातीला, विरजण म्हणून. एकदा जिवाणूंची वस्ती स्थिरावली की रोज खरकटे घातले तरी पुरते. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी हेच दाखवून दिले. त्यांचे म्हणणे असे की शेण हा गाईने पोषण काढून घेतलेला चोथा आहे, म्हणून जिवाणूंना थेट पिष्ट आणि साखर द्यावी. प्लास्टिकच्या दोन टाक्या एकीत एक उलट्या बसवून केलेले त्यांचे छोटे संयंत्र शहरी घराच्या गच्चीवर मावते. त्यासाठी संस्थेला २००६ मध्ये शाश्वत ऊर्जेच्या कामासाठी दिला जाणारा ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे या कामाची परंपरा जुनी आहे. माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्यापासून गॅस घेतला जात होता. देहूत डॉ. सुहास विठ्ठल (एस. व्ही.) मापुसकर यांनी गावकऱ्यांना शौचालये बांधायला लावली आणि ती गॅस संयंत्राला जोडून दाखवली. मैल्याच्या गॅसवर शिजवलेले अन्न खायला लोकांचे मन वळवणे हे यंत्रापेक्षा अवघड काम होते, आणि ते त्यांनी आयुष्यभर केले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

मग बसवलेली इतकी संयंत्रे बंद का पडतात?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

पहिले कारण कचऱ्याची मिसळ. प्लास्टिकची पिशवी, चमचे, दोरा, फेनाइल मारलेली झाडलोट टाकीत गेली की एक तर यंत्र अडते किंवा जिवाणू मरतात. दुसरे कारण हावरेपणा. मिथेन करणारे जिवाणू संथ असतात, त्यांच्या आधीच्या टप्प्यातले आम्ल करणारे जिवाणू वेगवान. लग्नसराईत एकदम तिप्पट खरकटे ओतले की आम्ल साचते, टाकी आंबट होते आणि गॅस थांबतो. अशा वेळी काही दिवस खरकटे पूर्ण बंद ठेवावे, शेणकाला घालावा, आंबटपणा फारच वाढला असेल तर थोडी चुन्याची निवळी द्यावी. लिंबू-मोसंबीच्या साली मुळातच कमी घालाव्यात. तिसरे कारण थंडी. ३० ते ४० अंशांत हे जिवाणू मजेत असतात, विदर्भातल्या डिसेंबरच्या रात्री ते सुस्तावतात आणि गॅस कमी होतो. हा बिघाड नव्हे.

चौथे कारण आम्ही वारंवार पाहिले आहे. उद्घाटन होते, फलक लागतो, पण रोज सकाळी कचरा निवडून, बारीक करून टाकीत घालणाऱ्या माणसाचा पगार कोणत्याच अंदाजपत्रकात नसतो. सहा महिन्यांनी टाकी कोरडी. संयंत्राची किंमत विचारण्याआधी त्या माणसाचा पगार कोण देणार ते विचारा.

भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांच्या पुढाकाराने विकसित झालेल्या 'निसर्गऋण' पद्धतीत यातल्या काही अडचणींवर उपाय आहे. तिथे कचरा मुख्य टाकीत जाण्याआधी एका वेगळ्या टाकीत गरम पाणी आणि हवा देऊन मऊ केला जातो, त्यामुळे पुढची प्रक्रिया लवकर होते. माथेरानला असे संयंत्र बसवले गेले. मोटारींना बंदी असलेल्या त्या गावात हॉटेलांचा कचरा वाहून खाली नेणे किती कठीण आहे ते पाहिले की ही निवड पटते.

मोठ्या शहरात हे कुठे नीट चालले आहे?

इंदूर. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी तिथे रोज ५५० टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. दिवसाला सुमारे १७,००० किलो बायो-सीएनजी (शुद्ध करून दाबाखाली भरलेला गोबरगॅस) आणि १०० टन खत हे त्याचे उद्दिष्ट, आणि त्या गॅसवर शहराच्या बस धावतात. लोक यंत्र बघायला इंदूरला जातात. आमचे सांगणे आहे की पहाटे तिथल्या गल्ल्यांत उभे राहा. घंटागाडीला वेगवेगळे कप्पे आहेत आणि मिसळलेला कचरा परत केला जातो. ही शिस्त प्रकल्पाच्या कित्येक वर्षे आधी रुजली होती. ती नसती तर ते यंत्र महिनाभरही चालले नसते.

पुण्यात हे काम कचरावेचक करतात. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि २००८ पासून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघर कचरा गोळा करते. गोव्यात साळगावच्या प्रकल्पात किनारी पट्ट्यातल्या ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि त्यापासून वीज होते. लहान गावांना पाहायचे असेल तर वेंगुर्ले पाहावे. तिथल्या नगरपरिषदेने वर्गीकरणाच्या जोरावर कचरा डेपोचे रूप पालटून टाकले.

बायो-सीएनजी म्हणजे गोबरगॅसच का?

गोबरगॅसमधून कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि ओलावा काढून टाकला की ९० टक्क्यांहून जास्त मिथेन उरतो. तो दाबाखाली भरला की सीएनजीच्या गाडीत चालतो, गाडीत काही बदल करावा लागत नाही. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये 'सतत' योजना आणून तेल कंपन्यांना हा गॅस विकत घ्यायला लावले. २०२५-२६ पासून शहरी गॅस कंपन्यांना त्यांच्या सीएनजी आणि पाइप गॅसमध्ये १ टक्का असा गॅस घेणे बंधनकारक झाले. हे प्रमाण वाढत जाऊन २०२८-२९ पासून ५ टक्के होणार आहे.

साखर कारखान्यांचा यात काय संबंध?

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सर्वांत मोठा. शहरातला ओला कचरा निवडण्यात निम्मी शक्ती जाते. कारखान्यात मात्र टनावारी एकाच जातीचा, स्वच्छ माल एका जागी पडून असतो. चिपाडावर बॉयलर आणि वीज. मळीपासून इथेनॉल. रस गाळल्यावर उरणारा प्रेसमड हा उसाच्या वजनाच्या तीन-चार टक्के असतो. पूर्वी तो फक्त खतात जायचा, आता त्यातून आधी गॅस काढून मग खत करता येते. साधारण २५ टन प्रेसमडमधून एक टन बायो-सीएनजी मिळतो. अडचण एकच: हंगाम चार-पाच महिन्यांचा, आणि टाकीतल्या जिवाणूंना बारा महिने खायला लागते. प्रेसमड साठवला तर त्यातला गॅस देणारा अंश कमी होत जातो. म्हणून बिगरहंगामात शेण, कोंबडीखत किंवा नेपियर गवत जोडीला घ्यावे लागते.

शेतातले पाचट मात्र जाळू नका आणि उचलूही नका. हेक्टरी ८ ते १० टन पाचट खोडव्यात सरीत आच्छादन म्हणून राहिले तर पाणी वाचते आणि जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढतो. या पाचटाचा आणखी चांगला उपयोग आम्हाला माहीत नाही.

अन्नधान्यापासून इंधन किंवा प्लास्टिक करणे योग्य आहे का?

टाकाऊपासून करणे योग्य, खाण्याच्या मालापासून करताना दहा वेळा विचार करावा. देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. पण त्यातले बरेच इथेनॉल उसाचा रस, मका आणि तांदूळ यांतून येते, कचऱ्यातून नव्हे. पाऊस कमी झाला तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये सरकारला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घालावे लागले, यावरून ही ओढाताण लक्षात येते. पानिपतला ऑगस्ट २०२२ मध्ये वर्षाला दोन लाख टन भाताच्या पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल करण्याच्या क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. काष्ठतंतू फोडणे महाग आणि किचकट असते, पण दिशा ही आहे.

घरी खत करताना वास येतो, अळ्या होतात. काय चुकते?

बहुतेक वेळा एकच: ओले जास्त, कोरडे कमी. खरकट्यात नायट्रोजन आणि पाणी भरपूर असते, पालापाचोळ्यात कार्बन. सुमारे तीस भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन असेल तर जिवाणू खूश असतात. वजनकाटा नको. एक थर ओल्याचा, वर तेवढ्याच जाडीचा कोरड्या पानांचा, लाकडाच्या भुशाचा किंवा काथ्याच्या भुशाचा थर, आणि दोन दिवसांनी एकदा हलवणे. मिश्रण मुठीत दाबले की हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. अमोनियाचा उग्र वास आला तर कोरडे वाढवा, सडका वास आला तर हलवून हवा द्या.

पांढरट-तपकिरी जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नका. बहुधा त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या रोग पसरवत नाहीत आणि कचरा फार झपाट्याने फस्त करतात. नको असतील तर वर कोरडा थर जाड ठेवा. विरजण म्हणून जुने खत, शेणकाला किंवा आंबट ताक चालते. विकतची पावडर घेतलीच पाहिजे असे नाही.

शेतावर मोठ्या प्रमाणात करायचे असेल तर नाडेप. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी ही पद्धत घडवली आणि त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच ती ओळखली जाते. विटांच्या जाळीदार भिंतींचे टाके, साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच. त्यात काडीकचरा, माती आणि शेणकाला यांचे थर देऊन वर शेणामातीने लिंपायचे. तीन-चार महिन्यांत खत तयार. तिची थोरवी अशी की जेमतेम शंभर किलो शेणात टाकेभर कंपोस्ट होते. ज्याच्याकडे एकच गाय आहे त्या शेतकऱ्यासाठी हा विचार केलेला होता.

सोसायटीला २४ तासांत खत करणारे मशीन घ्यावे का?

घाई करू नका. एका दिवसात खत होत नाही. त्या यंत्रांपैकी बरीच यंत्रे कचरा तापवून वाळवतात आणि बारीक करतात. बाहेर पडते ती वाळलेल्या अन्नाची भुकटी. ती कुंडीत घातली की पाणी लागताच कुजायला लागते, वास सुटतो, मुळे जळतात. विक्रेता आला की ही परीक्षा घ्या: ती भुकटी ओली करून बंद पिशवीत तीन दिवस ठेवा आणि उघडून वास घ्या. पक्क्या खताला मातीचाच वास येतो. मग त्यात मोहरी पेरून पाहा, चार-पाच दिवसांत नीट उगवली पाहिजे. भुकटीला पुढे महिना-दीड महिना मुरवायची जागा असेल आणि विजेचे बिल परवडत असेल तरच मशीनचा विचार करावा. जागा असलेल्या सोसायटीला विटांचे हवेशीर हौद आणि एक जाणता कामगार जास्त स्वस्त पडतो. रोज १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांवर २०१६ च्या घनकचरा नियमांनीच आवारात प्रक्रिया करण्याची जबाबदारी टाकली, त्यामुळे मोठ्या संकुलांना ही टाळता येण्यासारखी गोष्ट नाही.

महापालिकेचे कंपोस्ट शेतात घालावे का?

कचरा मुळात निवडलेला असेल तर जरूर. मिसळलेल्या कचऱ्याचे चाळून केलेले असेल तर नको. त्यात काचेचे तुकडे, प्लास्टिकचे कण आणि बॅटऱ्यांतले जड धातू येऊ शकतात, आणि एकदा मातीत गेलेले शिसे परत काढता येत नाही. तपासणी अहवाल मागा. तो न देणाऱ्याचे खत घेऊ नका.

गॅस काढल्यावर उरलेल्या स्लरीत कस राहतो का?

राहतो. गॅसमध्ये कार्बन आणि हायड्रोजन जातो. नत्र, स्फुरद, पालाश स्लरीतच उरतात, आणि नत्राचा काही भाग तर पिकाला लगेच घेता येईल अशा रूपात येतो. म्हणून ती उन्हात वाळवू नये, नत्र उडून जातो. पाण्यात मिसळून ताजी द्यावी किंवा पालापाचोळ्यावर ओतून कंपोस्ट करावी.

'कंपोस्टेबल' पिशवी घरच्या खताच्या डब्यात विरघळेल का?

बहुधा नाही. पीएलए मोडायला ६० अंशांच्या आसपासची उष्णता आणि ओलावा आठवडेच्या आठवडे लागतो. ती उष्णता मोठ्या ढिगाच्या पोटात मिळते, बाल्कनीतल्या डब्यात नाही. नाल्यात किंवा समुद्रात पडलेली अशी पिशवीही फार काळ टिकून राहते.

आणखी एक गोंधळ आहे. वनस्पतीपासून केलेले सगळेच प्लास्टिक कुजत नाही. उसाच्या इथेनॉलपासून केलेले पॉलिथिन हे साध्या पॉलिथिनसारखेच अविनाशी असते. उलट, खनिज तेलापासून केलेली काही प्लास्टिके कुजतात, आणि बाजारातल्या बऱ्याच कंपोस्टेबल पिशव्यांत तीच पिष्टाबरोबर मिसळलेली असतात. पिशवीवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक आणि आयएसओ १७०८८ हे मानक आहे का ते पाहा. नुसते हिरवे पान आणि 'बायो' एवढे छापलेले असेल तर विश्वास ठेवू नका. पीएलएचा पेला बाटल्यांच्या भंगारातही टाकू नका, तो पुनर्वापराचा माल बिघडवतो. आणि त्यात कडक चहा ओतू नका, साधा पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो.

मग माझ्या कचऱ्यापासून प्लास्टिक होईल, ही आशा सोडायची का?

आज तरी घरच्या कचऱ्याबाबत होय. पीएलएला शुद्ध साखर लागते, म्हणून ते साखर उद्योगाच्या शेजारीच उभे राहते. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जेजुरीला त्याचा पथदर्शी प्रकल्प सुरू केला. अन्नकचऱ्यापासून पीएचए करता येते हे प्रयोगांतून सिद्ध झाले आहे, पण पेशीतून ते वेगळे काढायचा खर्च साध्या प्लास्टिकच्या तुलनेत खूप आहे. तोवर एकदाच वापरायच्या ताटांसाठी चिपाडाचा लगदा आणि पळसाची पत्रावळ हे दोन्ही पर्याय आहेत, आणि ते कुठल्याही ढिगात कुजतात.

गॅस संयंत्र धोकादायक असते का?

काळजी घेतली तर नाही. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन झाला की ठिणगीने स्फोट होऊ शकतो, म्हणून टाकी आणि नळी उघड्या हवेशीर जागी असावी. नळीची गळती साबणाच्या पाण्याने तपासावी, काडी पेटवून कधीही नाही. नव्या टाकीतला पहिला गॅस हवा मिसळलेला असतो, तो सोडून द्यावा. शेगडी गोबरगॅसचीच घ्यावी किंवा जेटचे छिद्र जाणकाराकडून मोठे करून घ्यावे. आणि साफसफाईसाठी टाकीत माणूस कधीही उतरवू नये. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला त्याचा वासही कळेनासा होतो आणि माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला वाचवायला उतरणारा दुसराही कोसळतो. टाकी उपसायची ती वरून, पंपाने. कंत्राटदार 'आमची माणसं उतरतील' म्हणाला तर काम तिथेच थांबवा.